चेहरा टीव्हीवर, आवाज टीपॉयवर: एका घरातल्या व्हिडिओ कॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळखीपाळखीतल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन फोन, टीव्ही आणि इंटरनेटची घडी बसवून देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते. हे प्रकरण त्यातल्याच एका घरचं आहे. घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. बाकीचं घडलं तसंच, माझ्या चुकांसकट लिहिलं आहे.

घरात दोघंच. काका ७८ वर्षांचे, काकू ७४ च्या. एकुलती एक मुलगी परदेशात. दर रविवारी तिचा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल येतो आणि दोघांचा आठवडा त्या कॉलभोवती फिरतो. काकांना वयोमानाने होणारा मॅक्युलाचा विकार आहे. या विकारात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्यामुळे आपण ज्या गोष्टीकडे थेट पाहतो तीच पुसट होते, कडेचं मात्र दिसत राहतं. काका दारातून आत येतात, खुर्ची शोधून बसतात, पण समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येत नाही. काकूंची दृष्टी चांगली आहे, पण दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. त्या ऐकतात त्यापेक्षा जास्त ओठांवरून समजून घेतात. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मुलीने मला फोन केला तेव्हा तिची मागणी एका वाक्यात होती: "बाबांना मी फोनवर दिसत नाही, तर घरचा मोठा टीव्ही वापरून काही करता येईल का?"

नेमकी अडचण

मी जायच्या आधी कॉल कसा चालायचा ते मुलीकडून समजलं. काका फोन नाकाशी धरायचे, त्यामुळे पलीकडे तिला फक्त कपाळ दिसायचं. काकू शेजारून कान पुढे करायच्या. मग फोन काकूंकडे जायचा, आणि काका छताकडे बघत नुसतं ऐकत बसायचे. एका कॉलमध्ये फोन आठ-दहा वेळा हात बदलायचा. वीस मिनिटांत दोघंही थकायचे.

मी हे ऐकून "चित्र मोठं हवं" एवढंच मनात पक्कं केलं. इथेच पहिली चूक झाली. अडचण एक नव्हती, दोन होत्या, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या होत्या. एकाला दिसत नव्हतं, दुसरीला ऐकू येत नव्हतं. टीव्ही पहिल्याची अडचण सोडवणार होता. दुसरीची तो वाढवणार होता, कारण टीव्ही तीन मीटर लांब होता आणि फोन हातात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा: फोनचा पडदा वायरलेस पद्धतीने टीव्हीवर दाखवणं, म्हणजे मिररिंग. नवीन काही घ्यावं लागत नाही.

दुसरा पर्याय टीव्हीतच कॉलचं अॅप टाकणं आणि टीव्हीच्या यूएसबीला वेबकॅम जोडणं. ऐकायला हा सर्वांत नीटनेटका वाटतो, पण मी याबाबत फार सावध आहे आणि त्याला कारण आहे. २०१० मध्ये सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक यांनी स्काइप असलेले टीव्ही आणले, तेव्हा आता दिवाणखान्यातूनच बोलायचं असं सगळ्यांना वाटलं होतं. २०१६ मध्ये टीव्हीवरच्या स्काइपचा पाठिंबा थांबला, आणि ५ मे २०२५ रोजी स्काइपच बंद झालं. फेसबुकने २०१९ मध्ये पोर्टल टीव्ही नावाचं, खास टीव्हीवर बसवायचं कॅमेऱ्याचं उपकरण आणलं. घरगुती ग्राहकांसाठीचं पोर्टल त्यांनी २०२२ मध्ये आवरतं घेतलं. टीव्ही घरात आठ-दहा वर्षं राहतो. त्यातलं कॉलचं अॅप तेवढं जगेल याची खात्री कुणीच देत नाही. शिवाय बरेचसे टीव्ही साधा वेबकॅम ओळखतच नाहीत, आणि व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ कॉल करता येईल असं अॅप टीव्हीसाठी नाही. नवीन अॅप लावायचं तर सगळ्या नातेवाइकांना तिकडे वळवावं लागलं असतं.

तिसरा पर्याय अॅपलचा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या टीव्हीओएस १७ पासून अॅपल टीव्ही ४के या पेटीच्या दुसऱ्या पिढीपासून पुढच्या मॉडेलांवर फेसटाइम हे अॅपलचं कॉलचं अॅप चालतं आणि कॅमेरा म्हणून आयफोन किंवा आयपॅड वापरता येतो. ज्या घरात आधीच आयफोन आहेत तिथे हा पर्याय मी आधी बघेन. या घरात दोघांकडेही अँड्रॉइड होते, त्यामुळे तो बाजूला पडला.

चौथा पर्याय, घरात पडून असलेला जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडणं. व्हॉट्सअॅपच्या संगणकावरच्या अॅपमध्ये मार्च २०२१ पासून व्हिडिओ कॉल करता येतो. म्हणजे मुलगी नेहमीसारखाच कॉल करेल आणि इकडे तो टीव्हीवर उघडेल.

पाचवा पर्याय टीव्ही सोडून देऊन मोठा टॅबलेट स्टँडवर समोर ठेवण्याचा. तो मी बोलूनही दाखवला नाही, कारण मागणी टीव्हीची होती. याबद्दल पुढे लिहिते.

पहिला प्रयत्न: मिररिंग

सोपं आहे म्हणून मिररिंगपासून सुरुवात केली. दहा मिनिटांत मुलगी टीव्हीवर आली आणि काका खुर्चीतून पुढे सरकले. पण ती आली ती मधल्या उभ्या पट्टीत, दोन्ही बाजूंना काळं. तिने फोन उभा धरला होता, आमचाही उभाच होता. पंचावन्न इंची पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग कामाला आला.

मग आवाजाकडे लक्ष गेलं. चित्र टीव्हीवर होतं, आवाज मात्र फोनमधूनच येत होता. पुष्कळ फोनांत कॉलचा आवाज मिररिंगमधून टीव्हीकडे जातच नाही. आणि कॅमेरा फोनचाच असल्यामुळे फोन तोंडासमोर धरायचा की टीव्ही बघायचा, हा पेच सुटला नव्हताच. फोन समोर उभा करून ठेवला तर मुलीला दोघं खालून दिसत होते, टीव्हीकडे मान वर करून बसलेले.

काकू काही वेळ बघत राहिल्या आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, काही काम असेल. नंतर कळलं की त्यांना काहीच समजत नव्हतं. मिररिंगमध्ये चित्र फोनवर तयार होतं, दाबून लहान केलं जातं, हवेतून टीव्हीकडे जातं, तिथे पुन्हा उलगडतं. या प्रवासात त्याला उशीर होतो, तर आवाज फोनमधून लगेच येतो. म्हणजे शब्द आधी, ओठ मागून. ऐकू येणाऱ्या माणसाला हे थोडं विचित्र वाटतं, इतकंच. ओठ वाचणाऱ्या माणसाच्या हातातून मात्र आधारच काढून घेतला जातो.

दुसरा प्रयत्न: लॅपटॉप आणि टीव्हीवरचा वेबकॅम

पुढच्या आठवड्यात लॅपटॉप टीव्हीमागे ठेवला, एचडीएमआय जोडली आणि टीव्हीच्या वरच्या कडेवर वेबकॅम बसवला. राउटर दुसऱ्या खोलीत होता, तिथून नेटवर्कची केबल ओढली. झूम हे कॉलचं अॅप आपल्या सूचनांत दोघांच्या ७२०पी, म्हणजे साध्या एचडी दर्जाच्या, कॉलसाठी साधारण १.२ एमबीपीएस वेग सांगतं, तोही दोन्ही दिशांना. घरच्या कनेक्शनला याची अडचण नसते. अडचण असते ती वाय-फाय कोपऱ्यातल्या टीव्हीमागे पोचताना मधेच गळण्याची. केबलने तो प्रश्न त्या दिवशीच संपला.

एक छोटी गोष्ट इथे नोंदवते, कारण तिने माझा अर्धा तास खाल्ला. लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर आलं तेव्हा चारही कडा थोड्या कापल्या गेल्या होत्या आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली बटणं पडद्याबाहेर गेली होती. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये "स्क्रीन फिट" किंवा "जस्ट स्कॅन" अशा नावाचा पर्याय असतो, तो लावला की कडा परत येतात.

मुलीने फोन आडवा धरला आणि तिचा चेहरा पूर्ण पडदाभर आला. काका म्हणाले, "अगं, तू केस कापलेस?" तिने ते चार महिन्यांपूर्वी कापले होते.

चित्र तसं धूसर होतं. फोनवर पाहायला ठीक असलेलं चित्र एवढं ताणलं की त्याचा बारीकपणा जातो. मी ते सुधारायच्या मागे लागणार होते, पण काकांना त्याची पर्वाच नव्हती. मधला भाग पुसट झालेल्या दृष्टीला रेखीवपणापेक्षा आकार जास्त उपयोगी पडतो. तो दिवस जिंकल्यासारखं वाटून मी घरी परतले.

दोन दिवसांनी मुलीचा निरोप आला. तिच्या तीन तक्रारी होत्या, आणि तिन्ही रास्त होत्या. तिला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. आईबाबा खोलीच्या टोकाला बसलेल्या दोन ठिपक्यांसारखे दिसत होते. आणि "बाबा माझ्याकडे बघतच नाहीत. सतत कुठेतरी बाजूला बघतात."

निर्णयाची जागा: काय टीव्हीवर राहील आणि काय नाही

हा या प्रकरणाचा मुख्य भाग आहे, म्हणून सावकाश लिहिते.

प्रतिध्वनी आधी. कॉलच्या अॅपमध्ये प्रतिध्वनी काढून टाकणारी यंत्रणा असते. तिला माहीत असतं की आपण स्पीकरला अमुक आवाज पाठवला आहे. तोच आवाज मायक्रोफोनमध्ये परत आला की ती वजा करते. फोनमध्ये स्पीकर आणि मायक्रोफोन एकाच डबीत असल्यामुळे हे हिशेब नेमके जुळतात. टीव्ही मधे आला की आवाज आधी टीव्हीत जातो, तिथे त्याच्यावर सराउंडसारखे संस्कार होतात, उशीर होतो, मग तो बाहेर पडतो. वजाबाकी चुकते. त्यात माझा वेबकॅम आणि त्यातला मायक्रोफोन टीव्हीच्याच डोक्यावर. म्हणजे मायक्रोफोनला टीव्हीचा आवाज अगदी जवळून आणि काका-काकूंचा तीन मीटरवरून. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. तीन मीटरऐवजी एक मीटरवर मायक्रोफोन आणला तर साडेनऊ डेसिबल परत मिळतात. कुठल्याही सेटिंगने एवढा फरक पडत नाही.

ठिपक्यांचंही कारण अंतरच होतं. लॉजिटेक सी९२० सारख्या नेहमीच्या वेबकॅमचा दृश्यकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७८ अंशांचा, आडवा साधारण ७० अंशांचा असतो, माझाही साधारण तसाच होता. तीन मीटरवर तो चार मीटरांहून जास्त रुंदीची जागा टिपतो. सोफा, दार, कपाट, पडदे, आणि मधे दोन माणसं. सव्वा मीटरवर आणला तर पावणेदोन मीटरची रुंदी येते, दोन खुर्च्यांपुरती.

माझ्यासमोर तेव्हा दोन रस्ते होते. एक, टीव्हीवरच राहून उपकरणं सुधारायची: झूम करणारा कॅमेरा, लांबचा आवाज पकडणारा मायक्रोफोन, टीव्हीला साउंडबार. दुसरा, टीव्हीकडे फक्त चित्र ठेवायचं आणि कॅमेरा, मायक्रोफोन, स्पीकर हे तिन्ही माणसांजवळ आणायचं. कागदावर पहिला रस्ता देखणा आहे, खोलीत काही दिसत नाही. मी दुसरा घेतला. टीपॉयवर लहान ट्रायपॉडवर वेबकॅम आणि शेजारी ऑफिसच्या बैठकीत वापरतात तसा गोल स्पीकरफोन. स्पीकर आणि मायक्रोफोन पुन्हा एका डबीत आले, प्रतिध्वनीचा हिशेब त्या डबीतच मिटला. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. केबल पाच मीटरपेक्षा लांब जाऊ दिली नाही, कारण साध्या यूएसबी केबलची मर्यादा तेवढीच आहे. ती गालिच्याखालून न नेता भिंतीच्या कडेने नेली. ज्या घरात एकाला नीट दिसत नाही तिथे जमिनीवरची वायर हा धोका आहे.

काकूंची खुर्ची स्पीकरफोनपासून हातभर अंतरावर आली. त्या पहिल्यांदाच मधे न थांबता बोलल्या. पण दहा मिनिटांनी म्हणाल्या, "ऐकू येतंय, पण जुळत नाहीये."

तेव्हा मी विचारलं, "काकू, म्हणजे काय जुळत नाही?" त्यांनी आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

ओठ आणि आवाज

आवाज आता टीव्हीतून जात नव्हता, चित्र मात्र जात होतं. टीव्ही प्रत्येक चित्रावर काम करतो: हालचाल गुळगुळीत करणं, रंग उठावदार करणं, कडा धारदार करणं. त्याला वेळ लागतो. आवाज टीव्हीतूनच येत असेल तर टीव्ही तोही तेवढाच मागे ठेवतो आणि आपल्याला कळत नाही. आम्ही आवाज वेगळ्या वाटेने काढला होता, त्यामुळे तो पुन्हा ओठांच्या पुढे पळाला. मिररिंगमधलाच दोष वेगळ्या दाराने परत आला होता.

हा दोष कुठल्या दिशेला आहे याला फार महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत माणसाच्या लक्षात येत नाही, पण तो ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी खटकतो. निसर्गातही लांबचा आवाज चित्रामागून येतो, आधी कधीच येत नाही, म्हणून आपलं मन एकच दिशा माफ करतं.

किती फरक आहे ते पाहायला मी लॅपटॉपचा पडदा आणि टीव्ही एकाच चौकटीत येतील असा माझा फोन धरला आणि मुलीला टाळी वाजवायला सांगितलं. फोनवर सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन लावला होता, म्हणजे प्रत्येक चित्र साधारण चार मिलिसेकंदांचं. लॅपटॉपवर तिचे तळवे एकमेकांना भिडले तेव्हा टीव्हीवर ते अजून वीतभर दूर होते. पंचवीस-तीस चित्रं मोजल्यावर ते भिडले, म्हणजे शंभर मिलिसेकंदांच्या वर.

उपाय टीव्हीतच होता. एचडीएमआयच्या त्या इनपुटला गेम मोड लावला. खेळणाऱ्यांसाठी दिलेल्या या सोयीत टीव्ही चित्रावरचे बहुतेक संस्कार सोडून देतो आणि चित्र जवळपास लगेच दाखवतो. पुन्हा टाळी, पुन्हा मोजणी. फरक पाच-सहा चित्रांवर आला. काकू पुढे झुकून बसल्या होत्या, त्या मागे टेकल्या. मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

काकांची नजर

तिसरी तक्रार अजून तशीच होती. मी कॅमेरा डावीकडे केला, उजवीकडे केला, उंच केला. मुलगी दर वेळी म्हणायची, "नाही, अजूनही बाजूलाच बघतायत." शेवटी काकांनीच सांगितलं, आणि फार शांतपणे सांगितलं. "सरळ पाहिलं तर तिचा चेहरा जातो. जरा डावीकडे पाहिलं की ती दिसते. मी तिला बघायलाच तिकडे बघतो."

मुलगी पलीकडून हे ऐकत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मधली दृष्टी गेलेली माणसं कडेच्या शाबूत भागाने पाहायला शिकतात, काही जणांना ते तज्ज्ञ शिकवतातही. मला हे वाचून माहीत होतं आणि तरी मी कॅमेरा हलवत बसले होते. एक उपाय सुचला: कॉलची खिडकी लहान करून पडद्याच्या उजवीकडे सरकवायची, म्हणजे काकांची डावीकडे गेलेली नजर बरोबर मधल्या कॅमेऱ्यावर येईल. करून पाहिलं, आणि जमलंही. मुलीला वाटलं की बाबा तिच्याकडे बघतायत. पण चित्र निम्मं झालं होतं. काकांनी विचारलं, "हे तिला बरं वाटावं म्हणून की मला दिसावं म्हणून?" मुलगीच म्हणाली, "बाबा, मोठं राहू दे." खिडकी पुन्हा पूर्ण पडद्यावर गेली. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय होता, आणि तो मी घेतलेला नाही.

कॉल कोण उचलणार

मुलीची इच्छा होती की कॉल आपोआप उचलला जावा. तशी सोय असलेली उपकरणं मिळतात. तिची काळजी खरी होती: दोघं एकटे असतात, कुणी पडलं तर कळणार कसं? काकूंनी स्पष्ट नकार दिला. "फोन वाजला की मला पदर सावरायला, केस नीट करायला दोन मिनिटं तरी मिळतात. तो कॅमेरा आपला आपण चालू होणार असेल, तर मला माझ्याच घरात मोकळेपणाने वावरता यायचं नाही." मी काकूंच्या बाजूने उभी राहिले. पडण्याच्या काळजीला वेगळा उपाय हवा, आणि दिवाणखान्यातला सतत जागा कॅमेरा हा तो उपाय नव्हे. न्हाणीघरात कुणी पडलं तर तो तसाही काही दाखवणार नाही. वेबकॅमवर सरकतं झाकण लावलं, कॉल संपला की काकू ते स्वतः बंद करतात.

उचलण्याचं काम एका माउसवर आणलं. डाव्या बटणावर लाल चिकटपट्टीचा तुकडा, पडद्यावरचा बाण सर्वांत मोठा. टीव्ही बहुतेक वेळ बातम्यांवर असतो. टीव्हीने आपोआप लॅपटॉपच्या इनपुटवर यावं असं मला वाटत होतं, पण त्यासाठी लागणारी एचडीएमआय-सीईसी ही सोय लॅपटॉपांमध्ये सहसा नसते. म्हणून रिमोटवरच्या सोर्स बटणावरही लाल तुकडा लावला. लॅपटॉप झोपू नये असं सेटिंग केलं. स्पीकरफोन टीपॉयवर असल्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: टीव्हीवर काहीही चालू असलं तरी कॉलची घंटी टीपॉयवर वाजते.

सवय मात्र चार रविवार मोडली नाही. कॉल आला की काका खिशातला फोन उचलायचे, कारण तो टीव्हीच्या आधी वाजायचा. शेवटी रविवारी त्या वेळेपुरता फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावायचं ठरलं.

काय निष्पन्न झालं

सहा महिने झाले. कॉल आता तासाच्या घरात जातात. काका पाचेक मिनिटांत बोलणं संपवून नुसते बघत बसतात, काकू बोलत राहतात. मधल्या वारी छोटे कॉल अजूनही फोनवरच होतात आणि ते तसेच ठीक आहेत.

एकदा सगळं बिघडलं. लॅपटॉपच्या अपडेटनंतर आवाजाची वाट पुन्हा टीव्हीकडे वळली, प्रतिध्वनी परत आला आणि काकूंना वाटलं त्यांची श्रवणयंत्रं गेली. मी जाईपर्यंत तीन दिवस त्या तशाच होत्या. दुरून लॅपटॉप हाताळता येईल असं अॅप तेव्हा मुलीने सुचवलं. ते बसवलं, पण कायम उघडं ठेवलं नाही. काकूंनी होकार दिल्याशिवाय ते जोडलं जात नाही, आणि मुलीचा फोन आलेला नसेल तर होकार द्यायचा नाही एवढं ठरलं आहे. ज्येष्ठांना फसवणारे नेमकं असंच अॅप चालू करायला सांगतात.

लॅपटॉप जुना आहे. त्यावरच्या विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे तो बदलणं हे काम उरलं आहे. कॅमेरा, स्पीकरफोन, टीव्ही मात्र जसेच्या तसे राहतील. अॅप बदललं तरी ते चालतील, आणि दुसऱ्या रस्त्याने गेल्याचं समाधान मला मुख्यतः याचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

काकूंशी मी आधी वेगळं बोलायला हवं होतं. मुलीने सांगितलेली अडचण काकांची होती, आणि मी तीच सबंध घराची धरली. "तुम्हाला बोलणं कळतं ते कानांनी की ओठांवरून?" हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता, तर मिररिंगचा दिवस वाचला असता आणि काकू उठून आत गेल्या नसत्या. श्रवणयंत्रात आवाज थेट पाठवणारी उपकरणंही असतात. ती त्यांच्या यंत्रांना चालतात का, हे त्यांच्या ऑडिओलॉजिस्टला आता विचारलं आहे. सुरुवातीलाच विचारायला हवं होतं.

टॅबलेटचा पर्याय निदान मांडायला हवा होता. काकांना हातभर अंतरावर ठेवलेला मोठा टॅबलेट डोळ्याला तीन मीटरवरच्या टीव्हीइतकाच मोठा दिसू शकतो, कारण वस्तू जितकी जवळ तितकी ती डोळ्याला मोठी दिसते. आवाज, कॅमेरा, चित्र सगळं एकाच डबीत, उशीर नाही, प्रतिध्वनी नाही. एकट्या माणसाच्या घरी मी आता आधी तोच लावते. या घरात दोघांना एकत्र बसायचं होतं, म्हणून कदाचित टीव्हीच निवडला गेला असता. पण निवडला गेला असता, गृहीत धरला गेला नसता.

दुसऱ्या प्रयत्नानंतर मी निघाले तेव्हा इकडचं सगळं छान दिसत होतं. पलीकडे काय ऐकू येतं, काय दिसतं, हे मी विचारलंच नाही. आता कुठलीही मांडणी झाली की समोरच्या टोकाकडून वीस मिनिटांच्या कॉलनंतर तीन प्रश्नांची उत्तरं घेते: तुझा आवाज तुला परत येतो का, दोघांचे डोळे ओळखू येतात का, आणि कोणता शब्द पुन्हा विचारावा लागला.

आणि मुलीच्या बाजूची मांडणी तर मी अगदी शेवटी पाहिली. ती खिडकीकडे पाठ करून बसायची, चेहरा काळा पडायचा, आणि काकूंना अंधारातले ओठ वाचावे लागायचे. आता ती कॉलच्या आधी फोन आडवा करून स्टँडला लावते, दिवा समोर घेते आणि बोलताना हात तोंडासमोर नेत नाही. गेल्या रविवारी ती सर्दीमुळे रुमाल धरून बोलत होती, तर काकूंनी तिला थांबवून म्हटलं, "रुमाल खाली घे गं, मला तुझं काही दिसत नाहीये."